राजर्षी शाहू महाराज

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांस दत्तक घेतले आणि यशवंतराव शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, ऐन विशीत, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

विद्या व अधिकार मूठभरांच्या हाती आहेत आणि बहुजनसमाज अज्ञानात खितपत पडला आहे, हे महाराजांनी पाहिले. जन्माने कोणी हीन ठरत नाही, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. तिला अनुसरूनच त्यांनी आपले ध्येय ठरविले. खेड्यापाड्यांतील मुलांना कोल्हापुरात राहून शिकता यावे म्हणून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उघडविली. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अनेकांचा रोष ओढवला. पण महाराज डगमगले नाहीत.

हुकूम काढणे सोपे, त्याप्रमाणे स्वतः वागणे कठीण. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाने कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, तेव्हा तेथे कोणी फिरकेना. महाराजांनी आपली गाडी त्या दारी थांबविली, स्वतः चहा घेतला व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. आयुष्य अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. परंतु मनातील श्रद्धा, तोंडचा शब्द आणि हातची कृती यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही. म्हणूनच लोक त्यांना राजर्षी म्हणतात.