पॅट्रिक गेडीस : नगरांचे वैद्य

खारघरच्या डोंगरावरून खालीं दृष्टि टाकिली असतां सिडकोनें आंखलेले रुंद रस्ते, उंच इमारतींच्या रांगा आणि मध्येंच सेंट्रल पार्कचा हिरवा पट्टा दिसतो. ह्याच आपल्या गांवीं दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजीं एका समारंभाकरितां लक्षावधि लोक उघड्या मैदानांत भर उन्हांत बसले होते; त्यांतील १४ जण उष्माघातानें मरण पावले. झाडें, तळीं व मोकळ्या जागा ह्यांवर नगराचें आरोग्य अवलंबून असतें, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं आपल्या इलाख्यांत येऊन सांगणारे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें असें वाटल्यावरून येथें संक्षेपानें देत आहों.

पॅट्रिक गेडीस ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजीं स्कॉटलंडांतील बॅलटर गांवीं झाला. वडील सैन्यांत नोकरीस होते. पुढें हें कुटुंब पर्थ शहराजवळ एका टेकडीवर राहावयास गेलें. तेथील बागेंत वडिलांच्या हाताखालीं काम करितां करितां मुलास वनस्पतींचा छंद जडला. शाळा संपल्यावर कांहीं काळ बँकेंत उमेदवारी झाली, पण मन तेथें रमलें नाहीं. एडिंबरोच्या विश्वविद्यालयांतूनही ते आठवड्याभरांतच बाहेर पडले, (आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या बाबतींत त्यांचें अनुकरण करूं नये!) आणि लंडनास हक्स्ले ह्या विख्यात शास्त्रज्ञांजवळ जाऊन शिकले. १८७९ सालीं मेक्सिको देशीं संशोधनास गेले असतां त्यांची दृष्टि कित्येक आठवडे गेली. ती परत आली खरी, परंतु सूक्ष्मदर्शकावरील काम पूर्वींप्रमाणें झेपेना. तेव्हांपासून त्यांचें लक्ष झाडावरून माणसाकडे व माणसाच्या नगराकडे वळलें.

१८८६ सालीं ॲना मॉर्टन ह्या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. नवें जोडपें चांगल्या वस्तींतील घर सोडून जुन्या एडिंबरोंतील एका कोंदट, गलिच्छ चाळीवजा वाड्यांत राहावयास गेलें. शेजाऱ्यांस उपदेश न करितां त्यांनीं स्वतः भिंतींस रंग दिला, घाण उपसली, खिडक्यांत फुलझाडें लाविलीं. शेजारीही हळूहळू हाताशीं आले. पुढें त्यांच्या मंडळींनीं त्या जुन्या वस्तींतील पडीक जागा मोजिल्या, तेव्हां सुमारें ७५ तुकडे मिळून १० एकर भूमि निघाली. त्यांतील कांहीं तुकड्यांवर मुलांसाठीं बागा झाल्या. मोठें उद्यान दूर असलें तर लहान मूल व म्हातारा माणूस तेथवर पोंचत नाहीं, हें त्यांतील मर्म आहे.

१९१४ सालीं मद्रासच्या गव्हर्नरांनीं त्यांस हिंदुस्थानांत बोलाविलें. नगररचनेच्या त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे व चित्रें घेऊन निघालेलें जहाज 'एम्डेन' ह्या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. साठ वर्षांच्या ह्या गृहस्थांनीं मित्रांकरवीं नवी सामग्री जमवून १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरविलें.

त्याच वर्षीं ते मुंबई इलाख्यांतील गांवें पाहत ठाण्यास आले. त्या काळीं डासांपासून हिंवताप होतो म्हणून तळीं बुजवावीं असा अधिकाऱ्यांचा कल असे. गेडीस ह्यांनीं उलट सल्ला दिला : तळीं स्वच्छ ठेवा, त्यांत मासे व बदकें पाळा, म्हणजे डासांच्या अळ्या तीं खाऊन टाकतील. पाण्याची वाफ होतांना भोंवतालची उष्णता कमी होते. झाडाचें पानही तेंच काम करितें. शिवाय पावसाचें पाणी सांठावयास जागा राहते. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ता काढण्याचेही ते विरोधी होते. कुशल वैद्याप्रमाणें जेथें रोग तेवढाच भाग काढावा, दोनचार पडकीं घरें हलवून तेथें सावलीचें झाड व पार करावा, अशी त्यांची पद्धति होती.

होळकरांच्या इंदुरांत प्लेगनें कहर केला होता, तेव्हां महाराजांनीं त्यांस एका दिवसापुरता राज्याधिकार दिला. गेडीस ह्यांनीं दवंडी पिटविली कीं, दिवाळीची मिरवणूक ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतूनच जाईल. झालें! घरोघरीं झाडलोट व डागडुजी सुरू झाली, कचऱ्याच्या हजारों गाड्या गांवाबाहेर गेल्या. मिरवणुकींत झाडूवाले शुभ्र वस्त्रें घालून मानानें चालले. प्लेगच्या उंदराची प्रतिमा शेवटीं जाळण्यांत आली, आणि लोकांस तुळशीचीं रोपें वांटलीं. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या अहवालांपेक्षां ह्या एका दिवसानें लोकांस अधिक शिकविलें.

१९१७ हें वर्ष मात्र त्यांस फार कठीण गेलें. थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला. ॲनाबाई येथेंच तापानें अंथरुणास खिळल्या होत्या, म्हणून ती वार्ता त्यांस सांगितलीच नाहीं. थोड्याच आठवड्यांत त्याही वारल्या. गेडीस कामास लागले. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले अध्यापक होते; मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांस पुढील अध्ययनाकरितां विलायतेस जाण्याची संधि त्यांच्यामुळें मिळाली. ते दाढींत पुटपुटल्यासारखें बोलत, हातीं घेतलेलें लेखन अर्धवट टाकीत, आणि त्यांच्या पुष्कळ योजना कागदावरच राहिल्या, हेंही सांगितलें पाहिजे.

प्रकृति ढांसळल्यामुळें ते फ्रान्सांत मॉन्पेल्ये येथें जाऊन राहिले व तेथेंच १७ एप्रिल १९३२ रोजीं निवर्तले. ठाण्याचीं कित्येक तळीं पुढें बुजविलीं गेलीं. मासुंदा तलाव अद्याप आहे. तेथें संध्याकाळीं आजही लोक वाऱ्यास बसतात.