टोपीला भोक पाडून त्यानं कोर्टात कॅमेरा नेला, आणि सत्तेच्या बंद खोल्या जगाला दिसल्या

साल १९३२. अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट भरलं होतं. कॅमेरा आत न्यायला सक्त मनाई. बघायला आलेल्या लोकांत एक टक्कल पडलेला, उंची कपड्यातला गृहस्थ बसला होता. बिचाऱ्याचा हात मोडलेला दिसत होता, कारण तो गळ्यात बांधला होता. अशा माणसाची झडती कोण घेणार?

काही महिन्यांनी फॉर्च्यून मासिकात भरलेल्या सुप्रीम कोर्टाचा फोटो छापून आला. तेव्हा कळलं की गड्याचा हात ठणठणीत होता, त्या बांधलेल्या हातात कॅमेरा होता.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आजही कॅमेऱ्याला बंदी आहे. कामकाज चालू असतानाचे फक्त दोन फोटो जगाला माहीत आहेत. एक हा, आणि दुसरा १९३७ साली एका तरुणीनं पर्समध्ये कॅमेरा लपवून काढलेला.

हात बांधून आलेल्या त्या गड्याचं नाव होतं एरिक सालोमन. आज शर्टाच्या बटणात, पेनात, चष्म्यात कॅमेरा बसतो. पण यातलं काहीच नसताना छुप्या कॅमेऱ्याची पत्रकारिता कशी करायची, हे ज्यांनी दाखवलं त्यात या माणसाचं नाव फार वरचं आहे.

आणि गंमत म्हणजे वयाची चाळिशी येईपर्यंत फोटोग्राफीशी त्याचा काही संबंध नव्हता.

एरिकचा जन्म २८ एप्रिल १८८६ चा, बर्लिनमधला. घर ज्यू, वडील बँकर, पैशाला तोटा नाही. त्यामुळं पोरानं शिक्षणात मनसोक्त फिरून घेतलं. आधी प्राणिशास्त्र, मग इंजिनीअरिंग, मग कायदा. शेवटी कायद्यात डॉक्टरेट मिळवली, म्हणून पुढं आयुष्यभर लोक त्याला डॉक्टर सालोमन म्हणत राहिले. लग्न एका डच मुलीशी झालं. तिचं नाव मॅगी.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि एरिकला सैन्यात जावं लागलं. पहिल्याच वर्षी तो फ्रेंचांच्या हाती सापडला. पुढची चार वर्षं युद्धकैदी म्हणून गेली. तिथं तो दुभाष्याचं काम करायचा. या चार वर्षांत त्याची फ्रेंच भाषा पक्की झाली, आणि तीच पुढं मोठमोठी दारं उघडायला कामाला आली.

परत आला तेव्हा जर्मनीचं दिवाळं वाजलं होतं. महागाई इतकी भडकली की १९२३ मध्ये पाव आणायलाही नोटांच्या थप्प्या लागायच्या. घरची श्रीमंती गेली. एरिकनं गाड्या आणि मोटारसायकली भाड्यानं द्यायचा धंदा काढला. वर पेपरात जाहिरात दिली, की गाडीतून फिरता फिरता डॉक्टरेट झालेला मालक तुम्हाला कायद्याचा सल्लाही देईल. धंदा काही चालला नाही, पण जाहिरात वाचून उलस्टाइन या बड्या प्रकाशन कंपनीनं त्याला जाहिरात विभागात नोकरी दिली.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

उलस्टाइनच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर लागायच्या. त्यासाठी जागामालकांशी करार व्हायचे, आणि करार म्हटलं की भांडणंही आली. कायदा शिकलेला माणूस म्हणून ही प्रकरणं एरिककडं यायची. कोर्टात नुसतं बोलून भागत नाही, पुरावा लागतो. त्या पुराव्यासाठी त्यानं कॅमेरा हातात घेतला. म्हणजे त्याची फोटोग्राफी हौसेतून किंवा कलेतून आली नाही, ती नोकरीत पुरावा गोळा करायच्या गरजेतून आली.

दुसरा एक किस्साही सांगितला जातो. एका रविवारी बर्लिनमध्ये मोठं वादळ झालं, झाडं पडली, एक बाई दगावली. एरिकनं टॅक्सी केली, एका फोटोग्राफरला गाठलं आणि त्याला तिथं नेलं. ते फोटो शंभर मार्कला विकले गेले. त्यातले नव्वद फोटोग्राफरला दिले आणि दहा स्वतःकडं ठेवले. तेव्हा फोटोग्राफरच त्याला म्हणाला, की अरे बाबा, तूच फोटो काढले असतेस तर शंभरच्या शंभर तुझे झाले असते. कायद्याच्या डॉक्टरला हा हिशोब लगेच पटला.

त्यानं एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा घेतला.

हा कॅमेरा महत्त्वाचा का, तर त्याआधी घरात किंवा रात्री फोटो काढायचा म्हणजे मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागायची. भक्कन उजेड, आवाज आणि खोलीभर धूर. चोरून फोटो काढायचा विषयच नाही. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीनं १९२४ मध्ये बाजारात आणलेल्या एर्मानॉक्सची बॉडी छोटी होती, पण पुढचं भिंग कॅमेऱ्याच्या मानानं अवाढव्य. भिंग मोठं म्हणजे उजेड जास्त आत येणार. त्यामुळं खोलीतल्या साध्या दिव्यांवर फोटो निघायला लागला.

पण अडचणी होत्याच. यात रीळ नव्हता. साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा एकेक करून घालाव्या लागायच्या. एक फोटो झाला की प्लेट बदला. उजेड कमी असला तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस हलला तर फोटो गेला. त्यामुळं बोलणारा माणूस कधी थांबतो, कधी विचारात पडतो, याची वाट बघत बसावं लागायचं.

फेब्रुवारी १९२८. बर्लिनमध्ये क्रांट्झ खटला गाजत होता. दोन तरुणांचा जीव गेलेला आणि आरोपी म्हणून एक शाळकरी मुलगा उभा. सगळ्या जर्मनीचं लक्ष तिकडं लागलेलं, पण कोर्टात फोटो काढायला बंदी. एरिकनं गोल हॅटला भोक पाडलं, आत कॅमेरा बसवला आणि सभ्य माणसासारखा जाऊन बसला. फोटो छापून आले आणि खळबळ उडाली.

त्या वर्षी त्यानं ही युक्ती आणखी सुधारली. दुसऱ्या एका खटल्यात ब्रीफकेसमध्ये कॅमेरा बसवला, आणि बाहेरून शटर दाबता यावं म्हणून आतून कळी जोडून घेतल्या. असं सांगतात की एकदा कोर्टाच्या शिपायानं त्याला पकडलं आणि प्लेट मागितली. एरिकनं निमूटपणे प्लेट काढून दिली. फक्त ती कोरी होती. खरी प्लेट खिशात घेऊन गडी पुन्हा कामाला लागला.

पुढं पोखरलेल्या जाडजूड पुस्तकांतही त्यानं कॅमेरा लपवला. पण एवढ्यावरून तो फक्त जुगाडू होता असं समजू नका. त्याचं खरं हत्यार वेगळंच होतं.

त्याचं खरं हत्यार होतं तिथलाच वाटणं. मोठ्या समारंभाला जायचं तर तो टेलकोट घालून जायचा. बोलायला अनेक भाषा, वागायला खानदानी. दारावरच्या माणसाला तो एखादा राजदूत वाटायचा. २७ ऑगस्ट १९२८ ला पॅरिसमध्ये युद्ध हा मार्ग सोडून देण्याच्या करारावर पंधरा देश सह्या करणार होते. इतिहासात हा केलॉग-ब्रियाँ करार म्हणून ओळखला जातो. एरिक सरळ आत शिरला आणि पोलंडच्या प्रतिनिधीची खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर जाऊन बसला, असं सांगतात. कुणी हटकलं नाही.

आता मुद्दा असा, की या फोटोंमध्ये एवढं काय होतं?

तोपर्यंत लोकांना नेते दिसायचे ते ओळीत उभे राहून, छाती काढून, कॅमेऱ्याकडं बघताना. एरिकनं त्यांना जांभया देताना, भांडताना, कंटाळून डोकं धरताना दाखवलं. जानेवारी १९३० मध्ये हेगला जर्मनीच्या युद्ध नुकसानभरपाईवर परिषद चालली होती. मध्यरात्र उलटून गेलेली. फ्रान्स आणि जर्मनीचे मंत्री सोफ्यात अंग टाकून पेंगत होते. कोट्यवधी लोकांच्या खिशातून किती पैसा जाणार हे ठरवणारी माणसं दमल्यावर कशी दिसतात, ते त्या फोटोत दिसलं. सरकार नावाची गोष्ट आकाशातून पडत नाही, आपल्यासारखी थकणारी, चुकणारी माणसंच ते चालवतात, हे एका फोटोनं सांगितलं.

लंडनच्या द ग्राफिक या साप्ताहिकानं त्याच्या या कामाला कँडिड कॅमेरा असं नाव दिलं. लग्नाच्या अल्बममध्ये आपण ज्याला कँडिड फोटो म्हणतो ना, तो शब्द रूढ होण्याचं मूळ इथं आहे. एरिक मात्र स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घ्यायचा नाही. तो स्वतःला चित्रपत्रकार म्हणायचा, कारण त्याच्या लेखी फोटो म्हणजे बातमी होती.

हळूहळू उलटंच झालं. ज्यांच्यापासून तो लपायचा तेच त्याची वाट बघू लागले. ऑगस्ट १९३१ मध्ये पॅरिसच्या परराष्ट्र मंत्रालयात एक मेजवानी होती. एरिक आत आला असणारच, असं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ सगळ्यांना सांगत होते. तेवढ्यात तो दिसला, आणि ब्रियाँनी त्याच्याकडं बोट करून चोर सापडल्यासारखा ओरडा केला. एरिकनं नेमका त्याच क्षणी फोटो काढला. बोट रोखलेले ब्रियाँ आणि आजूबाजूला हसणारी मंडळी, हा त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो ठरला. त्याच वर्षी त्याच्या फोटोंचं पुस्तकही आलं.

पण एक प्रश्न इथं विचारायलाच हवा. लपून फोटो काढणं बरोबर होतं का?

मंत्र्यांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. ते लोकांच्या वतीनं, लोकांच्या पैशावर, बंद दाराआड निर्णय घेत होते. तिथं डोकावण्याचा हक्क लोकांचाच होता. पण क्रांट्झ खटल्यातला तो शाळकरी मुलगा मंत्री नव्हता. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस चालू होते आणि त्याचा चेहरा न विचारता घराघरात गेला. एरिकचं नाव पहिल्यांदा झालं ते या फोटोंमुळं. छुपा कॅमेरा बलवानाकडं वळला तर ती पत्रकारिता होते, आणि दुबळ्याकडं वळला तर तमाशा व्हायला वेळ लागत नाही. एरिकच्या कामात या दोन्ही बाजू आहेत. आज ज्याच्या त्याच्या खिशात रेकॉर्डर असताना ही रेघ जास्तच महत्त्वाची झालीये.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू पत्रकाराला जर्मनीत जागा उरली नाही. एरिक बायकोच्या देशात, नेदरलँड्समधल्या हेगला गेला. तिथंही संसदेत, परिषदांत त्याचं काम सुरू राहिलं. मोठा मुलगा ओटो इंग्लंडला गेला. एरिक, मॅगी आणि धाकटा डर्क हेगमध्येच राहिले.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. पाच दिवसांत देश पडला. हळूहळू ज्यूंची कामं गेली, १९४२ मध्ये छातीवर पिवळा तारा लावायची सक्ती आली, मग छावण्यांकडं जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. सालोमन कुटुंब लपून बसलं.

आयुष्यभर कॅमेरा लपवून सत्तेला पकडणाऱ्या माणसाला आता स्वतःला लपवायची वेळ आली, आणि ते जमलं नाही. असं सांगितलं जातं की घरात गॅस जास्त जळतोय हे मीटर बघायला आलेल्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्यानं खबर दिली. कुटुंब पकडलं गेलं. आधी वेस्टरबोर्क, मग थेरेसियनश्टाट आणि शेवटी ऑशविट्झ. ७ जुलै १९४४ ही एरिकच्या मृत्यूची नोंद आहे. तो ५८ वर्षांचा होता. मॅगी आणि डर्कही वाचले नाहीत.

फोटो मात्र वाचले. लपण्याआधी निगेटिव्ह दोन वाटांनी गेल्या होत्या. काही जमिनीत पुरल्या होत्या, काही डच संसदेच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या. पुरलेल्यांना ओल लागून बरंच नुकसान झालं. युद्ध संपल्यावर ओटोनं, जो पुढं पीटर हंटर या नावानं ओळखला गेला, बापाचं हे काम शोधून गोळा केलं. १९८० पासून तो संग्रह बर्लिनच्या बर्लिनिश गॅलरीत आहे. ज्या शहरातून त्याला निघावं लागलं, त्याच शहरात. जर्मन फोटोग्राफी सोसायटी १९७१ पासून फोटो पत्रकारितेसाठी त्याच्या नावानं पुरस्कार देते.

एर्मानॉक्स आता फक्त संग्रहालयात दिसतो. आजचे छुपे कॅमेरे त्याच्यापेक्षा हजारपट भारी आहेत आणि कुणालाही सहज मिळतात. पण कुणाच्या दाराआड काय ठरतंय हे ओळखणं, तिथं पोचायची तयारी करणं, योग्य क्षणाची वाट बघणं आणि हाती आलेला पुरावा जपून ठेवणं, हे काम यंत्र करत नाही. एरिक सालोमनकडं एका वेळी एकच काचेची प्लेट असायची, म्हणून कॅमेरा कुणाकडं वळवायचा याचा विचार त्याला आधी करावा लागायचा.