राऊळांचं गाव

आमच्या मोहगावाहून पांढुर्णा, वरूड, मोर्शी असं करत गेलं की रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत. गाव त्यांना गुंडम राऊळ म्हणायचं.

जन्म जवळच्याच काटसुरे गावचा. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून आजोळच्या माणसांनी रिद्धपूरला आणून वाढवलं. मुंज झाली, शिक्षणही झालं. पण वागणं चारचौघांसारखं नव्हतं. कुणाच्याही घरात शिरून खायचे, पोरांत खेळायचे, एकाएकी चिडायचे. शिवाशिव तर पाळायचेच नाहीत. मातंगांसाठी विहीर करवल्याची लीळाही आहे. लोक त्यांना वेडा म्हणत आणि मायबापही म्हणत, बरेचदा तीच माणसं.

महानुभावांसाठी ते परमेश्वराचा अवतार, चक्रधरांचे गुरू. त्यांच्यावर आजचं एखादं निदान चिकटवायचा मला काही अधिकार नाही. मला बघायचंय ते गाव. राऊळांना कुणी कोंडून ठेवलं नाही. चक्रधर निघून गेल्यावर नागदेव, म्हाइंभट, महदाइसा ही मंडळी रिद्धपूरला येऊन त्यांच्या सेवेत राहिली. आबाइसाही होत्या. एकदा राऊळांना लग्न करावंसं वाटलं. कुणी हसण्यावारी नेलं नाही, लग्नाची तयारी केली आणि महदाइसेनं गाणी रचली. तेच आपण अभ्यासतो ते धवळे! मराठीतली पहिली कवयित्री म्हणून परीक्षेत लिहिताना हे निमित्त आपण विसरूनच जातो.

1287 च्या सुमारास राऊळ गेले. मग म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून आठवणी गोळा केल्या. एवढा मोठा पंडित, पण राऊळांनी काय खाल्लं, कुठे रुसले, कुणाच्या दारात बसले, हे सगळं लिहून ठेवलं.

हे वाचताना आमच्या गल्लीतला दादा आठवला. वय पस्तीस, बोलणं चार शब्दांचं. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवतात. मध्यंतरी त्याची आई आजारी पडली तेव्हा शेजाऱ्यांनी डबे दिले, पण तो जेवेचना. पोळी दुधात कुस्करून द्यावी लागते हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नाताळचा फराळ दरवर्षी आमच्याकडून त्यांच्या घरी जातो. त्यातलं त्याला काय आवडतं, कधी विचारलंच नव्हतं.

या सुट्टीत काकूंजवळ बसून वहीत लिहून घेतलं. करंजी आवडते, आतलं सारण काढून. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. संध्याकाळी देवळापर्यंत चक्कर लागतेच, आणि जाताना हात त्यानं धरायचा, आपण नाही.