आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहिलेला धर्मगुरू

दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पीटरमारित्झबर्गचे ते स्टेशन येते. १८९३ साली तिथे गांधीजींना गाडीतून खाली उतरवले गेले. मला मात्र अलीकडे त्या देशातला एक गोरा पाद्री वारंवार आठवतो. त्याचे नाव बेयर्स नौडे. परक्यांचा अन्याय आपल्याला चटकन दिसतो. आपल्याच घरातला अन्याय दिसायला किती वर्षे लागतात, आणि दिसल्यावर त्याची किंमत किती मोजावी लागते, हे मला त्यांच्या आयुष्यातून समजले.

नौडेंचा जन्म १९१५ चा. वडीलही पाद्री. इंग्रजांविरुद्धच्या बोअर युद्धात ते लढले होते. १९१८ साली ‘ब्रुडरबाँड’ ही आफ्रिकानेर गोऱ्यांची संघटना निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. पुढे ही संघटना गुप्तपणे काम करू लागली आणि देशाची सूत्रे हळूहळू तिच्या माणसांच्या हाती गेली. मुलगाही १९४० साली तिचा सभासद झाला. त्याच वर्षी इल्से यांच्याशी त्यांचा विवाह झाला. देखणे व्यक्तिमत्त्व, उत्तम वक्तृत्व, मोठे घराणे; हा तरुण चर्चमध्ये वर चढत जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आणि हे चर्च कसले? १८५७ साली या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने, काही गोऱ्यांना काळ्यांबरोबर प्रार्थनेला बसणे जड जाते म्हणून, वेगळ्या प्रार्थनेला मुभा दिली. मनाच्या दुबळेपणाला दिलेली ती सवलत पुढे रूढी झाली, आणि १९४८ नंतर सरकारच्या वर्णभेदाला बायबलचा आधार देण्यापर्यंत मजल गेली.

नौडेंचे डोळे एका दिवसात उघडले नाहीत. काळ्यांच्या वस्त्यांत काम करणारे तरुण पाद्री त्यांना येऊन तिथली परिस्थिती सांगत. नौडे स्वतः पाहायला गेले आणि अस्वस्थ होऊन परतले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. ६९ माणसे मेली. डिसेंबरात जोहान्सबर्गजवळ कॉटेस्लो येथे चर्चच्या प्रतिनिधींची परिषद झाली. वर्णावरून कुणालाही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, असे तिथे ठरले. पंतप्रधान फरवुर्ड संतापले आणि चर्चच्या धर्मसभांनी या ठरावांकडे पाठ फिरवली. आपला शब्द मागे घ्यायला नौडे मात्र तयार झाले नाहीत.

१९६३ साली त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्ती माणसांसाठी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ काढली आणि ब्रुडरबाँड सोडली. चर्चने त्यांच्यापुढे पेच टाकला : संस्था की व्यासपीठ? माणसाची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत विरोध आला तर देवाची पाळावी, या वचनावर त्यांनी आसफोएलकोपच्या चर्चमध्ये निरोपाचे प्रवचन दिले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पद गेले, मानमरातब गेला, जवळची माणसे दुरावली. आपण त्यांच्या जागी असतो तर? मला स्वतःला छातीठोक उत्तर देता येत नाही.

ऑक्टोबर १९७७ मध्ये सरकारने त्यांच्या संस्थेवर आणि त्यांच्यावरही बंदी घातली. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी भेटायचे नाही. त्यांचे शब्द छापणे हाही गुन्हा. हजारोंपुढे बोलणाऱ्या माणसाला एकेकट्या पाहुण्याशी बोलत सात वर्षे काढावी लागली. त्याच काळात, १९८० साली, त्यांनी गोऱ्यांचे चर्च सोडून त्याच पंथाच्या काळ्यांच्या चर्चचे सभासदत्व घेतले. १९८४ साली बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी डेस्मंड टुटूंच्या जागी ते दक्षिण आफ्रिकेतील चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले. १९९० साली सरकारशी पहिली बोलणी झाली, तेव्हा मंडेलांच्या पक्षाच्या शिष्टमंडळात हा गोरा पाद्री होता.

७ सप्टेंबर २००४ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले. ज्या आसफोएलकोपच्या चर्चचे व्यासपीठ त्यांना सोडावे लागले होते, तिथेच त्यांचा अंत्यविधी झाला. त्यांची रक्षा मात्र अलेक्झांड्रा या काळ्यांच्या वस्तीत विसर्जित केली गेली.

घरच्यांशी भांडणारा माणूस घराचा वैरी ठरतो. नौडेही ठरले. पण घराची अब्रू शेवटी अशाच माणसांमुळे राहते, असे मला वाटते.