केळकरांनी कानपुरात काय घडवले?

संगणक अभियांत्रिकीच्या जागा वाढवण्याचे प्रस्ताव सेवेत असताना माझ्यासमोर अनेकदा आले. इमारती, यंत्रे आणि विद्यार्थिसंख्या यांचा तपशील त्यांत चोख असे. शिकवणार कोण, संशोधन कोण करणार, याविषयी जेमतेम दोन ओळी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अशा वेळी डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांच्या कार्याची आठवण होई.

धारवाड येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या केळकरांनी मुंबई व बंगळुरू येथे शिक्षण घेतले आणि १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि नंतर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकी शिकवली. पवईच्या आयआयटीच्या प्रारंभिक नियोजनातही त्यांचा वाटा होता. १९५९ मध्ये ते आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले, तेव्हा संस्थेचा कारभार दुसऱ्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीतील खोलीतून चाले.

केळकरांनी इमारतींची वाट न पाहता माणसे जमवायला घेतली. देशविदेशांतील तरुण भारतीय अध्यापकांना त्यांनी बोलावले आणि त्यांना अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक दिली. १९६२ पासून दहा वर्षे नऊ अमेरिकी विद्यापीठांचे साहाय्य संस्थेला लाभले. ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक कानपुरात आला.

परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात असे महागडे यंत्र कुलूपबंद ठेवणे कोणत्याही कार्यालयाला सुरक्षित वाटले असते. कानपूरने ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. पदवीच्या विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकवली जाऊ लागली. बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी अल्पकालीन वर्ग भरवले गेले. व्ही. राजारामन, एच. एन. महाबला यांच्यासारख्या अध्यापकांनी विद्युत अभियांत्रिकी विभागातच संगणकाचे उच्चशिक्षण रुजवले. १९७१ मध्ये संगणकशास्त्र व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदव्युत्तर व संशोधन अभ्यासक्रम सुरू झाला. पदवीचा अभ्यासक्रम त्यानंतर आला.

हा क्रम धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यावा असा आहे. आधी अध्यापक, मग यंत्राचा खुला वापर, मग संशोधन आणि शेवटी पदवीच्या जागा. आज आपण बहुतेक ठिकाणी शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो आणि अध्यापक मिळत नाहीत म्हणून खेद व्यक्त करतो. संशोधनाची परंपरा नसेल, तर पुढच्या पिढीचे अध्यापक येणार कोठून?

केळकरांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७० ते १९७४ या काळात ते पवईच्या संस्थेचे संचालक होते. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. कानपूरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रस्तावात अध्यापक आणि संशोधक घडवण्याची योजना व तिच्यासाठीची तरतूद जागांच्या आकड्याआधी मांडलेली असावी, एवढी अट शासनाने घातली तरी त्यांच्या अनुभवाचा उपयोग झाला, असे मी म्हणेन.