मिट्रोपा चषकाचा शिल्पकार : ह्युगो माइझल

युरोपातील अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग आज जगभर पाहिली जाते. तिचे मूळ १९५५ साली सुरू झालेल्या युरोपियन कपमध्ये असल्याचे सांगितले जाते. मात्र निरनिराळ्या देशांच्या विजेत्या संघांना एकमेकांच्या मैदानावर उतरवण्याचा प्रयोग त्याआधी २८ वर्षे मध्य युरोपात झाला होता. त्या मिट्रोपा चषकामागची प्रेरणा होते ऑस्ट्रियाचे ह्युगो माइझल.

१६ नोव्हेंबर १८८१ रोजी बोहेमियातील मालेशोव या गावी एका ज्यू कुटुंबात माइझल यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना येथे स्थायिक झाले. माइझल यांनी बँकेत नोकरी धरली, पण मन रमले ते फुटबॉलमध्ये. खेळाडू म्हणून ते फार चमकले नाहीत. पंच म्हणून मात्र त्यांनी नाव कमावले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये कामगिरी बजावली. अनेक भाषांवरील प्रभुत्वामुळे परदेशी संघटकांशी त्यांचे सहज सूत जुळत असे. इंग्लिश प्रशिक्षक जिमी होगन यांना व्हिएन्नात आणून जमिनीलगतच्या छोट्या पासचा खेळ त्यांनीच तेथे रुजवला.

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग ही काल-परवापर्यंत एका छत्राखाली असलेली शहरे तीन स्वतंत्र देशांच्या राजधान्या बनली. नव्या सीमांबरोबर संशय आणि कटुताही आली. त्यातच १९२४ मध्ये माइझल यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियात व्यावसायिक लीग सुरू झाली. खेळाडूंना वेतन द्यायचे, तर केवळ स्थानिक सामन्यांच्या तिकीटविक्रीवर क्लबांचे भागणारे नव्हते. मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी नियमित लढती हाच त्यावरील उपाय होता.

जुलै १९२७ मध्ये व्हेनिस येथील बैठकीत स्पर्धेला मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये सामने सुरूही झाले. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हियाचे प्रत्येकी दोन क्लब पहिल्या वर्षी सहभागी झाले. एक सामना घरच्या मैदानावर, दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या आणि दोन्हींतील गोलांच्या बेरजेवर निकाल, अशी पद्धत ठरली. पहिल्या अंतिम लढतीत प्रागच्या स्पार्टाने घरच्या मैदानावर व्हिएन्नाच्या रॅपिडला ६-२ असे नमवले. परतीचा सामना १-२ असा गमावूनही चषक स्पार्टाकडेच गेला. १९२९ पासून युगोस्लाव्हियाऐवजी इटलीचे क्लब आले.

स्पर्धेने मैदाने भरली, पण मने नेहमीच जुळली असे नाही. १९३२ मध्ये युव्हेंट्स व स्लाव्हिया प्राग यांच्यातील उपांत्य लढतीत तुरीन येथे स्लाव्हियाच्या गोलरक्षकाला दगड लागला. दोन्ही संघ बाद झाले आणि बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच विजेतेपद मिळाले.

याच काळात माइझल यांनी घडवलेला ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघ बहरला. मे १९३१ मध्ये त्याने स्कॉटलंडला ५-० असे हरवले. सलग चौदा सामने अपराजित राहिलेला हा संघ 'वुंडरटीम' म्हणजे अद्भुत संघ म्हणून ओळखला गेला. त्याचा नायक मथायस सिंदेलार याने १९३३ च्या मिट्रोपा अंतिम फेरीच्या परतीच्या सामन्यात तिन्ही गोल करून ऑस्ट्रिया व्हिएन्ना क्लबला चषक मिळवून दिला.

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने माइझल यांचे निधन झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. अवघ्या तेरा महिन्यांत जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यूंची हाकोआ व्हिएन्ना ही १९२५ ची विजेती संस्था बंद करण्यात आली. मिट्रोपा स्पर्धेतून ऑस्ट्रियाचे क्लब नाहीसे झाले आणि विश्वचषकासाठी पात्र ठरलेला राष्ट्रीय संघही १९३८ च्या स्पर्धेत दिसला नाही. १९४० मध्ये फेरेन्त्स्वारोश आणि बुखारेस्टचा रॅपिड यांच्यातील अंतिम सामना महायुद्धामुळे झालाच नाही.

युद्धानंतर मिट्रोपाचे पुनरुज्जीवन झाले, पण पुढे युरोपियन कपने त्याची जागा घेतली. अखेरच्या वर्षांत दुय्यम श्रेणीच्या विजेत्यांपुरती उरलेली ही स्पर्धा १९९२ मध्ये थांबली. माइझल यांचा चषक टिकला नाही. मात्र घरच्या आणि परक्या मैदानावर झुंजून विजेता ठरवण्याची त्यांनी रुळवलेली रीत युरोपच्या बाद फेऱ्यांमध्ये आजही कायम आहे.