दुखऱ्या गुडघ्याची विद्या

मंडळाच्या सभागृहाचा जिना चढताना कठड्याचा आधार घेणाऱ्या आमच्या सभासदांची संख्या आता लहान नाही. गुडघा आणि कंबर हे त्यांच्या गप्पांतले नित्याचे विषय. त्या सर्वांसाठी, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यालाच गुरू मानणाऱ्या मोशे फेल्डेनक्राईस यांचा जीवनवृत्तान्त आम्ही येथे सादर करीत आहोत.

आज युक्रेनमध्ये असलेल्या स्लावुता या गावी ६ मे १९०४ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी घर सोडून त्यांनी पॅलेस्टाईनची वाट धरली. परक्या भूमीत अंगमेहनतीची कामे करीत त्यांनी अर्धवट राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले. १९२९ मध्ये फुटबॉल खेळताना त्यांच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ते दुखणे जन्माचे सोबती झाले.

१९३० मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे त्यांनी अभियांत्रिकीचे व पदार्थविज्ञानाचे अध्ययन केले आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९३३ साली ज्यूडोचे जनक जिगोरो कानो यांच्याशी त्यांची भेट झाली आणि ज्यूडोच्या प्रसारात ते अग्रेसर झाले. परंतु १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीशी येऊन ठेपले आणि या गृहस्थाला पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलावे लागले. ब्रिटनमध्ये आश्रय घेऊन ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुडीविरोधी संशोधनात गुंतले. तेथे जहाजांच्या ओल्या, निसरड्या डेकवर वावरताना गुडघा पुरता बिघडला. शस्त्रक्रियेच्या यशाची खात्री वैद्यांना देता येईना, तेव्हा त्यांनी ती नाकारली.

एक जुना अनुभव त्यांच्या मनात घर करून होता. पूर्वी एकदा धड पायालाही इजा झाली होती. दोन्ही पाय निकामी झाले असे वाटत असता, दुसऱ्या सकाळी आजवर भार न पेलणारा दुखरा पाय शरीर तोलू लागला! एका रात्रीत सांधा तर बदलला नव्हता. मग बदलले ते काय? मेंदू त्या पायाला वापरण्याची रीतच बदलू शकतो, हा बोध त्यांना झाला.

शास्त्रज्ञाच्या चिकाटीने त्यांनी स्वतःवर प्रयोग आरंभले. जमिनीवर पडून, शरीर तोलण्याच्या कामातून स्नायूंना मोकळे करावयाचे. पाय अगदी थोडा, अगदी सावकाश आणि दुखणार नाही इतकाच हलवावयाचा. त्या वेळी नितंब, पाठ व श्वास काय करतात ते न्याहाळावयाचे. आणि मधून मधून विसावा घ्यावयाचा. डोक्यावर पोते असेल तर त्यावर बसलेली माशी जाणवत नाही, पण तळहातावरचे पीससुद्धा जाणवते. जोर कमी केला की जाण वाढते, हे त्यांच्या विद्येचे मर्म होय. गुडघा पूर्ववत झाला नाही. पण शस्त्रक्रियेवाचून ते चालू लागले, ज्यूडोही करू लागले.

१९४९ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा सैद्धान्तिक ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. पुढे इस्राएलमध्ये परतून त्यांनी तेल अवीवला वर्ग चालविले. पाठदुखीने त्रस्त झालेले पंतप्रधान बेन-गुरियन त्यांचे शिष्य झाले; सत्तरी ओलांडलेल्या या पुढाऱ्याचे १९५७ सालचे, समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचे छायाचित्र जगभर गाजले. मात्र फेल्डेनक्राईस स्वतःला वैद्य म्हणवीत नसत. समोर येणारा त्यांच्या लेखी रोगी नव्हे, विद्यार्थी असे. सत्तरीनंतर अमेरिकेतही त्यांनी शिक्षक घडविले. १ जुलै १९८४ रोजी तेल अवीव येथे त्यांचे निधन झाले.

ही विद्या सर्व व्याधींवरचा उतारा आहे, असा आमचा दावा नाही. वैद्याचा सल्ला हवाच. पण वारंवार घर बदलावे लागलेल्या या माणसाने अखेर स्वतःच्या देहात सुखाने नांदण्याची रीत शोधली. दुखऱ्या अवयवावर न रागावता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढे जरी आम्ही त्यांच्यापासून शिकलो, तरी पुढच्या वर्षी तो जिना थोडा सोपा वाटेल.